येळवशीला आटलेली बावडी

१

बावडी गल्लीतली माणसं येळवस जेवून परतली तेव्हा दिवस मावळायला आला होता, आणि बावडीत पाणी नव्हतं.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी बिदर शहरात माणूस औषधालाही सापडत नाही. दुकानांना कुलपं, रस्ते ओस, सगळं शहर शेतात. कडब्याची कोप उभी करायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, त्यांना शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे आणि आंबील दाखवायची आणि मग पोट फुटेस्तोवर जेवायचं. ज्याला शेत नाही त्याला शेतवाला बोलावतो. यंदा चनमल्लप्पांनी तर आख्खी गल्लीच बोलावली होती, शहराबाहेरच्या कोळारच्या कारखान्यांपलीकडच्या आपल्या मळ्यात.

का बोलावली ते सगळ्यांना कळत होतं. चनमल्लप्पांच्या घरामागं त्यांचा मोठा प्लॉट होता. तो एका बिल्डरला द्यायचं ठरलं होतं आणि तिथं सात मजली अपार्टमेंट उठणार होती. गल्लीनं त्यावर हरकत घेतली होती. प्लॉटच्या पोटातून जुनी सुरंग जाते, तिच्यातूनच बावडीला पाणी येतं, पाया खोदला की बावडी मेली, असं गल्लीचं म्हणणं. बिल्डरचं म्हणणं एवढंच की सुरंग आहे तर दाखवा. दाखवणार कोण? बावडीच्या भिंतीतल्या काळ्या कमानीतून पाणी येतं, एवढंच सगळ्यांनी पाहिलं होतं. आत कुणी गेलं नव्हतं. शेवटी दुसऱ्या दिवशी सकाळी अधिकारी पाहणीला येणार होते. तोवर प्लॉटला कुणी हात लावायचा नाही, असा हुकूम होता.

आणि नेमकी आदल्या संध्याकाळी बावडी कोरडी. जी गल्ली उन्हाळ्यात नळाला पाणी नसलं तरी निर्धास्त झोपायची, ती बावडीच्या कठड्याला ओठंगून खाली बघत राहिली. खाली चिखल होता आणि चिखलात दोन घागरी आणि कुणाची तरी जुनी चप्पल.

"आता सायबाला काय दाखवायचं? ही चप्पल?" हरकत समितीचे किशनराव म्हणाले. तहसीलमधून निवृत्त झालेला हा माणूस एरवी माईक नसतानाही माईकवर बोलल्यासारखा बोलायचा. आज त्याचा आवाज बसला होता. "विजू, तूच बघ आता. तुझं कामच हे हाय."

विजयश्रीचं काम खरोखरच तसलं होतं. विमा कंपन्यांच्या वतीनं ती कोळारच्या जळक्या, बुडालेल्या गोदामांतून हिंडायची आणि आग लागली की लावली ते सांगायची. पन्नाशीची, एकटी, तोंडानं फटकळ बाई. देवावर तिचा फारसा विश्वास नव्हता आणि माणसांवर त्याहून कमी.

ती बावडीच्या पायऱ्यांकडं बघत होती. पाण्याची जुनी रेघ जिथं होती तिथला शेवाळलेला दगड वाळून पांढुरका पडला होता.

"किशनराव," ती म्हणाली, "हे पाणी आत्ता गेलेलं न्हाई. सकाळीच कुणीतरी थांबवलंय."

२

बावडीतून खालच्या बागेकडं पाट जातो, त्यामुळं आवक थांबली की पाणी हळूहळू उतरत जातं. सकाळी थांबवलं तरच संध्याकाळी वरचा दगड एवढा वाळेल. म्हणजे गल्ली जीपमध्ये बसत होती, बाया भज्जीची भगुणी सांभाळत होत्या, त्याच सुमाराला कुणीतरी हे करून मोकळं झालं होतं.

संशय घ्यायला माणूस तयारच होता. सुनीलकुमार, बिल्डरचा साइट इंजिनियर. तो सणाला कमलनगरला आपल्या घरी गेला होता आणि आत्ताच परतून प्लॉटभोवतीच्या पत्र्याच्या कुंपणापाशी जीप लावत होता. विजयश्री त्याच्याकडं निघाली. मागं किशनराव आणि किशनरावांच्या मागं निम्मी गल्ली. तिनं सगळ्यांना हातानंच थांबवलं.

"सुनीलकुमार, बावडीत घोटाळा झालाय."

"काय झालं मॅडम?" त्यानं चटकन विचारलं. "पाणी गढूळ यायलंय का?"

"न्हाई. आटलंय."

तो हसला, पण हसू जरा उशिरानं आलं. "आटलंय? मग प्रश्नच मिटला की मॅडम. सुरंग असती तर पाणी आटलं असतं का?"

"तुम्ही सकाळी कुठं होता?"

"कमलनगरला. पहाटेपासून शेतात होतो, पन्नास माणसं सांगतील. आमच्यातबी येळवस असती की."

ते खरं असणार, हे विजयश्रीला पटलं. खोटं बोलणारा माणूस पन्नास साक्षीदार पुढं करत नाही, एकच करतो. तरीही जाता जाता तिनं जीपच्या चाकांवर नजर टाकली. बिदरची माती लाल. शेतातली काळी. चाकावरच्या पत्र्याला आतून वाळलेला चिखल मात्र राखाडी होता, पिठासारखा बारीक. तिनं नखानं खरवडून पाहिला आणि रुमालात घेतला.

परत येताना ती किशनरावांच्या शर्टाकडं बघायला लागली. बाहीवर पांढरे शिंतोडे होते.

"हे कशाचे, किशनराव?"

"चुन्याचे. कोपीतल्या पांडवाला हात लागला असंल."

"पांडव कालच रंगवून वाळले होते. आणि जेवणं झाल्यावर तुम्ही मध्येच दोन घंटे गायब होता. बीपीची गोळी घरी राहिली म्हणालात."

किशनराव इकडं तिकडं बघायला लागले. मग त्यांनी तिला बाजूला ओढलं आणि जन्मात पहिल्यांदा हळू बोलले. "कुणाला सांगू नको बाई. उद्या सायेब येणार म्हणून बावडीच्या कठड्याला चुना मारायला आलो होतो. शोभा यावी म्हणून. बादली घेऊन उतरतोय तर पाणी पार तळाला. माझी बोबडीच वळली. गल्ली म्हणंल, ह्यानंच काहीतरी करून ठिवलं. मग तसाच परत गेलो आन् खीर खात बसलो."

"खीर गिळली कशी तुम्हाला?"

"दोनदा घेतली. भ्या वाटलं की मला भूक लागती."

विजयश्रीला हसू आवरलं नाही. पण तिचा हिशेब पक्का झाला होता. दुपारी पाणी तळाला, म्हणजे थांबवणारा सकाळी इथं होता. सकाळी गल्लीतून सगळ्यात शेवटी कोण निघालं, ते तिला चांगलं आठवत होतं. आठवलं आणि तिला वाईट वाटलं.

३

चनमल्लप्पा आदल्या दिवशीपासूनच मळ्यात होते, कोप बांधायला. सगळ्यात उशिरा आली ती त्यांची बायको पार्वतम्मा. गल्लीची अक्का. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, आणि रीतीभातीची इतकी पक्की की तिच्या घरी आंबिलाची बिंदगी दरवर्षी कुंभाराकडून नवी यायची. बिंदगी म्हणजे आंबिलाचं मडकं. त्यावर चुन्याचे पट्टे ओढायचे, तोंड फडक्यानं बांधायचं आणि पांडवांपुढंच सोडायचं. ती अक्का यंदा आंबील दुधाच्या किटलीतून घेऊन आली होती. बाया खूप हसल्या होत्या. "अक्का, पांडव आता डेअरीचं पितेत का?" अक्का हसली नव्हती. बिंदगी फुटली म्हणाली होती.

विजयश्री त्यांच्या घरी गेली तेव्हा चनमल्लप्पा ओसरीवर डोकं धरून बसले होते.

"माझ्या आज्यानं बी ही बावडी आटलेली बघितली न्हाई," ते म्हणाले. "मी जागा द्यायलाव, पाणी मारायला न्हाई निघालो. लोक माझ्याकडं कसं बघायलेत बघ."

"अप्पा, प्लॉटवर काही खोदलं का?"

"न्हाई." पण हे 'न्हाई' फार लवकर आलं.

"सणाआधी पत्र्यामागं दोन दिवस यंत्र घरघरत होतं."

"घरच्या बोअरची मोटर काढायली होती," ते म्हणाले आणि पाणी प्यायला आत गेले.

पार्वतम्मा परसात होती. तिथं एका चौथऱ्यावर दगडी जाळी बसवलेली होती. घरातलं जुनं धान्याचं पेव, असं सगळे म्हणायचे. त्या जाळीवर अक्का रोज दिवा लावायची. आत्ताही लावत होती. वारा नव्हता, तरी ज्योत थरथरत होती. विजयश्रीनं ते पाहिलं, पण त्याचा अर्थ तिला लगेच लागला नाही.

"अक्का, बिंदगी कशी फुटली?"

"हातातून निसटली."

"तुमच्या हातातून?"

पार्वतम्मानं वर पाहिलं. तिचे डोळे सुजलेले होते. "विजू, जेवलीस का?" तिनं विचारलं, आणि ती दिव्याची वात सारायला लागली.

४

उजाडताच विजयश्री बावडीत उतरली. कमरेला दोर, दोराचं दुसरं टोक किशनराव आणि आणखी चौघांच्या हातात, डोक्याला कोळारच्या कामावरचा टॉर्च. कमान छातीइतकी उंच होती. ती वाकून आत शिरली; आत मात्र उभं राहता येत होतं.

पहिली काही पावलं तिनं सवयीनं जमीनच पाहिली. तळाला गुळगुळीत ओली साय होती आणि तिच्यावर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. बावडीच्या बाजूनं इथं कुणी आलं नव्हतं. एवढं नोंदवून तिनं मान वर केली, आणि मग तिच्याच्यानं पाऊल उचलवेना.

लाल जांभ्याच्या खडकातून वाट कोरलेली होती. तिच्या छतावर, भिंतींवर छिन्नीचे घाव स्पष्ट दिसत होते, एकापुढं एक, तिरके, सगळे सारख्या कलाचे. ठरावीक अंतरावर दिव्यासाठी कोनाडे होते आणि कोनाड्यांवर काजळी होती. शेकडो वर्षांपूर्वी विझलेल्या दिव्यांची काजळी. विजयश्रीनं तिला बोट लावलं, तर बोट काळं झालं. कुणीतरी इथं अंधारात बसून, पाण्यासाठी, खडकाच्या पोटात एवढी लांब आणि एवढी सरळ वाट काढली होती. उतार इतका अचूक की पाणी धावू नये आणि थांबूही नये. त्या माणसांची नावं कुणाला माहीत नाहीत. वर त्यांच्या डोक्यावर गल्ली वाढली, भांडली, लग्नं लावली, आणि खाली हे काम चालूच राहिलं.

माणसानं केलेलं नुकसान मोजणं हा तिचा धंदा. माणसानं केलेलं एवढं चांगलं काम तिनं आजवर पाहिलंच नव्हतं.

मग वाट संपली. पुढं एक सपाट दगड होता, दोन्ही भिंतींतल्या खाचांत वरून खाली सरकून नेमका बसलेला. नवा नव्हता. त्याच्यावरही तेच तिरके घाव होते. सुरंगेइतकाच जुना दरवाजा! विजयश्रीनं दगडाला कान लावला. पलीकडं पाणी होतं. ते रागावलेलं नव्हतं, कुठंतरी आडवं, मोकळ्या जागेत शांतपणे पडत होतं.

दगडाच्या वर वीतभर फट होती. तिनं टाचा उंचावून आत पाहिलं. पलीकडं वरून उजेड येत होता, जाळीतून येतो तसा, चौकोन चौकोन. फटीतून गार वारा आला आणि वाऱ्याबरोबर एक वास आला. ताक, जोंधळा, लसूण.

आंबील.

पलीकडच्या कोनाड्यात चुन्याच्या पट्ट्यांची नवी बिंदगी ठेवलेली होती. तोंडाचं फडकं सोडलेलं होतं. शेजारी उंडा होता, भज्जी होती, आणि भिंतीवर ओली बोटं ओढल्याच्या खुणा.

विजयश्री तिथंच बसली. बिल्डरचा माणूस पाणी तोडायला आला असता तर त्यानं दगडाला आंबील पाजली नसती. हे काम पाप समजून, माफी मागून, रडत रडत कुणीतरी केलं होतं. आता एकच गोष्ट कळायची राहिली होती. कामून?

ती मागं वळली, तेव्हा टॉर्चचा उजेड दगडाच्या खालच्या कडेवर पडला. सांदीतून एक बारीक ओघळ आला होता आणि वाळला होता. राखाडी, पिठासारखा.

५

पाहणीला एक अधिकारी बाई आल्या, बरोबर दोन माणसं. गल्ली बावडीभोवती जमलेली. किशनरावांनी रात्रभर पाठ केलेलं भाषण गिळून टाकलं होतं. सुनीलकुमार नवीन शर्ट घालून आला होता.

"मॅडम, पाणी न्हाई, सुरंग न्हाई," तो म्हणाला. "भूगर्भात काय होतं, कुणाला ठावं? आटली बिचारी."

"सुरंग हाय," विजयश्री म्हणाली. "मी आत जाऊन आले. पाणीबी हाय. ते कुणी थांबवलं आन् कामून, ते सांगते. पण आधी ह्यांना एक विचारू द्या. सुनीलकुमार, काल मी घोटाळा झालाय म्हणाले तेव्हा तुम्ही काय विचारलंत?"

"काय झालं म्हणालो."

"पाणी गढूळ यायलंय का, असं विचारलंत. आटलेल्या बावडीपाशी ज्याला गढूळ पाणी आठवतं, त्याला गाळाची वाट असती. म्हणून आटवणारे तुम्ही न्हाई, एवढं मला तेव्हाच कळलं. पण गाळ तुमचाच." तिनं रुमाल उघडला. "ही तुमच्या जीपच्या चाकावरची माती, आन् ही सुरंगेत दगडाखालून झिरपलेली. बोअर मारताना भोकात ओततात ती. परवा पत्र्यामागं घरघर होत होती ती मोटरीची न्हाई, बोअरच्या यंत्राची. खाली अखंड खडक हाय असं आज दाखवायला तुम्ही भोक पाडत होता. मनाई असताना. आन् काय झालं? यंत्राचा दांडा पोकळीत घुसला. ओतलेला चिखल वर येईना, म्हणून भोक बुजवायला तुम्ही ओततच राहिला."

सुनीलकुमारचा चेहरा उतरला. त्यानं चनमल्लप्पांकडं पाहिलं. चनमल्लप्पा जमिनीकडं बघत होते.

"तो चिखल, त्यातलं डिझेल, सगळं बावडीकडं निघालं," विजयश्री पुढं म्हणाली. "येळवशीच्या पहाटे कुणीतरी नवी बिंदगी धुवायला वरच्या बाजूनं पाणी काढलं. त्याला तवंग आलेला दिसला. गल्ली संध्याकाळी परतून हेच पाणी पिणार होती. त्या माणसाला सुरंगेतला दरवाजा ठावं होता. त्यानं तो पाडला. म्हणून बावडी आटली आन् म्हणून तुम्ही सगळे आज धड हाय. त्याच्या पावलांचे ठसे बावडीच्या बाजूला न्हाईत, कारण तो तिकडून आलाच न्हाई. त्यानं पाणी तोडण्याआधी आंबील वाहिली. ती बिंदगी अजून आत हाय. कुणाची ते मी सांगणार न्हाई. ज्याची त्यानं सांगावी."

कुणी हललं नाही. पुरावा तिच्याजवळ होता, पण तो मांडला तर एक बाई चारचौघांत नवऱ्याविरुद्ध उभी राहणार होती. न मांडता ती बाई गप्प बसली, तर इमारत उठणार आणि ते सारे तिरके घाव सिमेंटखाली जाणार.

पार्वतम्मानं पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि ती गर्दीतून पुढं आली.

"माझी हाय बिंदगी," ती म्हणाली. मग नवऱ्याकडं वळली. "अवो, रागवू नका. तुमच्या इरोधात बोलायला न्हाई आले. पण पाणी बघून राहवलं न्हाई मला. सासूबाई भागम्मानं मला लगीन झाल्या वर्षी खाली नेलं होतं. पेव न्हाई ते. पाण्याची वाट हाय. ह्या घरच्या सुनेनं ती राखायची, येळवशीची पहिली आंबील तिला द्यायची, आन् घाण पाणी आलं तर दरवाजा पाडायचा. पुरुषांना सांगायचं न्हाई, म्हणाल्या. त्यांना जमीन दिसती, तिच्याखालचं दिसत न्हाई."

"आन् तू मला एवढी वर्षं..." चनमल्लप्पा म्हणाले.

"या," ती म्हणाली. "आज बघा."

परसातली दगडी जाळी चौघांनी बाजूला केली. खाली खडकातच कोरलेल्या पायऱ्या होत्या. आधी अधिकारी बाई उतरल्या, मग विजयश्री, मग चनमल्लप्पा. जाळीवरची ज्योत वाऱ्याशिवाय का थरथरत होती, ते विजयश्रीला आता कळलं. सुरंग तिथून श्वास घेत होती.

खाली दरवाजाच्या दगडाअलीकडं एका बाजूला कमान होती, आणि कमानीत सगळे थबकले. आत हौद होता. केवढा, ते टॉर्चच्या उजेडात समजेना. खडकाचेच खांब न तोडता ठेवलेले, त्यांच्यामध्ये काळं पाणी, आणि छताला, सुरंग हौदाला मिळते त्या तोंडाशी, बोअरचं नवं भोक. त्या भोकातून उजेडाची एकच तिरीप येऊन पाण्यावर पडली होती. अडवलेलं पाणी सुरंगेतून वळून ह्या हौदात येत होतं. चिखल इथं तळाला बसत होता. बांधणाऱ्यांनी हे ठरवून केलं होतं. कधीतरी कुणीतरी हे पाणी नासवील, हे त्यांनी ओळखलं होतं, आणि त्या दिवसासाठी जागा करून ठेवली होती. आपल्या नातवंडांच्या नातवंडांनी करायची चूकही त्यांनी सांभाळून घेतली होती.

अधिकारी बाईंनी पायातले बूट काढून हातात घेतले.

"ही जागा वर कशाखाली येते?" त्यांनी विचारलं.

"प्लॉटच्या," विजयश्री म्हणाली. "मधोमध."

"आणि मनाई असताना बोअर मारायला परवानगी कुणी दिली?"

सुनीलकुमार खाली उतरलाच नव्हता. उत्तर देणारा एकच माणूस तिथं होता. चनमल्लप्पा त्या तिरिपीकडं बघत उभे होते. त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. ते नाव बिल्डरचं सांगू शकत होते, ते काही खोटं झालं नसतं.

"मी," ते म्हणाले. "माझ्या नावावर लिवा."

६

इमारतीची परवानगी थांबली, बिल्डरला नोटीस गेली, चनमल्लप्पांनाही कचेरीच्या खेपा लागल्या. त्या खेपांना किशनराव त्यांच्या सोबत जायचे, कारण अर्ज कसा करायचा हे गल्लीत त्यांच्याइतकं कुणाला कळत नव्हतं. हौदातला राखाडी चिखल पंपानं उपसला, पाणी तपासून आलं, आणि एका सकाळी दरवाजा उचलायचं ठरलं.

तेव्हा खरी गंमत कळली. दरवाजा पाडायला एका बाजूची दगडी खुंटी ओढली की पुरे, तो आपल्या वजनानं खाली बसायचा. उचलायला मात्र त्याच्या कानांतून दोर ओवायचे, निम्म्या माणसांनी परसातून ओढायचं आणि निम्म्यांनी बावडीच्या बाजूनं पहारी लावायच्या. तीस-चाळीस माणसांशिवाय तो हलणंच शक्य नव्हतं.

विजयश्री दोराच्या गाठी बघता बघता थांबली. "अक्का, पाडताना तुम्हाला हे ठावं होतं? की परत एकटीला उघडता येणार न्हाई?"

"व्हय की," पार्वतम्मा म्हणाली. "म्हणून तर आधी माफी मागितली. सासूबाई म्हणायच्या, बांधणाऱ्यानं मुद्दाम तसं केलंय. बंद कुणीबी एकट्यानं करावं. उघडायला समद्या गल्लीला बोलवावंच लागतंय. मग कितीबी भांडण असू दे."

परसात दोराला गल्ली लागली होती. किशनराव 'हूं' म्हणायचे आणि सगळे ओढायचे. त्यांच्या पुढ्यात चनमल्लप्पा होते, धोतर खोचून, सगळ्यांत जास्त जोर लावत. दगड आधी रुसून बसला. मग खाचेत घसटल्याचा जाड आवाज झाला आणि तो वर सरकला.

पहिल्यांदा वारा सुटला. बावडीच्या कमानीतून गार झोत आला आणि कठड्यावर बसलेल्या पोरांचे केस उडाले. मग लांबून आवाज आला. मग पाणी आलं, स्वच्छ, बेताचं, धावणारं नाही आणि थांबणारंही नाही. कुणी ओरडलं नाही, टाळ्याही वाजल्या नाहीत. म्हाताऱ्या बायांनी तेवढे हात जोडले, आणि त्यांच्यात आपलेही हात जोडलेले आहेत, हे विजयश्रीला जरा वेळानं कळलं.

गर्दी पांगल्यावर पार्वतम्मानं तिला पुन्हा खाली नेलं. अक्काचा मुलगा बंगळूरला, सून तिकडचीच, इकडं कधी येणार नव्हती. अक्कानं विजयश्रीचा हात धरला आणि अंधारात भिंतीवरून सरकवत खुंटीवर नेऊन ठेवला. खुंटी गार होती आणि कित्येक सुनांच्या हातांनी गुळगुळीत झालेली.

"नीट चाचपून ठेव," ती म्हणाली. "पुढच्या बारीला तुला ओढायची हाय."